काळ्या केसांचे टोबिन

मंगळवार, २१ ऑक्टोबर २०१४

प्रिय सिरिल,

रविवार, १९ ऑक्टोबर, दुपारी एक वाजून वीस मिनिटं. वेळ तुझ्याच स्वयंपाकघरातल्या घड्याळाची आहे. तारीख-वेळ नसलेल्या तक्रारीला मठाच्या शाळेत सिस्टर पर्पेच्युआ कुरकुर म्हणायच्या, आणि मी कुरकुर करत नाही. पानांत खारं मांस आणि कोबी वाफाळत होता. तुझ्या लेकीने, कोलेटने, सहीसाठी पुढे केलेला दवाखान्याचा कागद तू दोनदा दुमडलास आणि चुलीत टाकलास. वर हसून म्हणालास, “तुला कशाला गं तपासणी, पोरी? डोकं बघ स्वतःचं, कोळशासारखं काळं! तू सगळी तुझ्या आईवर गेलीस.” व्हेरा वहिनी म्हणाली, “आधी जेवा बाई, निवतंय.” कोलेट एकोणतीस वर्षांची आहे, सिरिल. ती पानातला कोबी काट्याने सारत राहिली आणि मी आणखी एक बटाटा वाढून घेतला.

आपल्यातल्या लाल केसांच्या टोबिनांना पोट धरतं, म्हणजे आतड्याचा कॅन्सर होतो, काळ्यांना नाही, हे आपण आईच्या दुधाबरोबर प्यायलो. बारशाला जमलेल्या बायका आधी बाळाचं टोपडं सरकवून केस बघायच्या आणि मगच बाळंतिणीला चहा द्यायच्या. बाबा लाल, एक्कावन्नाव्या वर्षी गेले. आपला भाऊ लिओ लाल, चव्वेचाळिसाव्या. तू लाल, पण तुझं मोठं आतडं वेळेत काढलं म्हणून आज चुलीत कागद टाकायला जिवंत आहेस. ब्राइड आत्या काळी, एक्क्याण्णव वर्षं जगली; झाला पुरावा! मी अडतीस वर्षं या खाडीतल्या पोरांना गणित शिकवलं आणि एवढ्याशा आकड्यांवर असं अनुमान कोणी काढलं असतं तर वही तोंडावर फेकली असती. आपल्या घरात मात्र मीही ते मुकाट्याने मानलं, कारण माझे केस काळे होते आणि मला ते सोयीचं होतं.

खरं गणित सोपं आहे. आपल्या आतड्यात पॉलिप उगवतात, मांसाचे छोटे छोटे कोंब. त्यामागचा दोष रक्तातून येतो आणि प्रत्येक मुलामागे शक्यता निम्मी. केस लाल की काळे हे तो विचारत नाही. नुसतं सोडून दिलं तर आपल्या प्रकारात शंभरातल्या सत्तरेकांना कधी ना कधी कॅन्सर होतो. कोंब शोधून काढत राहिलं तर फार थोड्यांना होतो. तुझ्या रक्तात नेमका कुठला दोष आहे हे कळलं की कोलेटच्या रक्तात तोच शोधता येतो. त्या कागदावर तुझी सही हवी होती ती एवढ्यासाठी.

जेवण झाल्यावर तू चर्चच्या कपड्यांतच मागच्या अंगणात जाऊन लाकडं फोडायला लागलास. रविवारी, देवाच्या विश्रांतीच्या दिवशी! बाबा असते तर कुऱ्हाड समुद्रात गेली असती. मी खिडकीतून बघत होते. तू एकच ओंडका फोडत होतास, त्याच्या ढलप्या झाल्या तरी. तेव्हा कळलं की तुझं केसांवर काही अडलेलं नाही. ते तुझ्याकडून तिच्यात गेलं असेल तर तिच्या तोंडाकडे बघायचं कसं, या भीतीने तुला धरलंय. मग मला सांग, तुला कोणाकडून आलं? दर जुलैत बाबांच्या थडग्याचं कुंपण तूच रंगवतोस ना? रंगवताना एकदा तरी त्यांना बोल लावलास? मग कोलेट तुला लावेल असं कसं मानतोस? ती तुझ्यापेक्षा समंजस आहे. इथे तिने वहिनीचं वळण घेतलंय, हे मला मान्य.

आता हे पत्र का, ते सांगते. लिओच्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेहून परतल्यावर मी कोणाला न सांगता सेंट जॉन्सच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन तपासून आले. माझ्या काळ्या केसांच्या पोटात एकतीस पॉलिप निघाले. कॅन्सर एकातही नाही. सगळे काढलेत, दरवर्षी बघतील, आणि मी ब्राइड आत्याचं वय गाठणार आहे. रक्ताचा निकाल शुक्रवारी आला: बाबांकडूनच आलेला दोष, म्हणजे तुझाही तोच. तेव्हा तुझ्या सहीवाचून आता काही अडत नाही, काल मी माझा निकाल कोलेटसाठी सही करून दवाखान्याला दिला. येत्या सोमवारी, २७ तारखेला, सकाळी दहाला तिचं रक्त घेणार आहेत. ती मला म्हणाली, “आत्या, बाबा आले असते तर बरं वाटलं असतं.” फोनवर तू आरडाओरडा करून ठेवून देतोस, म्हणून शनिवारी, २५ तारखेला, दुपारी बाराच्या आत मला लेखी उत्तर हवं: सोमवारी तिच्याबरोबर गाडीत तू बसणार आहेस की मी? एक ओळ पुरे, सहीसकट. उत्तर आलं नाही तर मी जाईन, आणि दवाखान्यात तुझी खुर्ची रिकामी का आहे हे तिला तुझ्या वतीने सांगणार नाही.

तुझीच बहीण, अजून काळीच,
फिलोमेना