तीन गिअर मागं, एक गिअर पुढं

॥ श्री ॥
लासुर्णे, आषाढ, बुधवार

श्रीमान रतनराव तात्या यांच्या सेवेशी, लासुर्ण्याहून तुमचा व्याही कुंडलिक याचा रामराम. (हात जोडूनच लिहायला बसलो होतो, पण पेन धरायला एक सोडवावा लागला.)

इकडं सगळं ठीक आहे. तुमच्या गुडघ्याला आता बरं असेल. मातोश्री धोंडाबाईंची कवळी बसली असेल, असं त्यांचा निरोप जितका स्पष्ट आला त्यावरून वाटतं. मी तुम्हाला बावीस वेळा फोन केला. बावीसही वेळा तुम्ही शेतात होता, असं वहिनी म्हणाल्या. ह्या उन्हापावसात इतकं शेतात राहू नये. म्हणून शेवटी पोस्टाचं पाकीट आणलं. आमचा पोस्टमन म्हणतो, लोकं फोन उचलत न्हाईत, पण पाकीट फोडल्याबिगर राहत न्हाईत. राजेश्वरीला पंचमीला माहेरी धाडणार नाही, हा मातोश्रींचा निरोप दूधवाल्याकडून पोचला. लेकीची लग्नानंतरची पहिली पंचमी आहे आणि तिच्या आईनं, आमच्या मुक्ताबाईनं, तेव्हापासून दोन वेळा आमटीत मीठ घातलेलं नाही. पण हे पत्र त्याबद्दल नाही. हे पत्र गाडीबद्दल आहे.

गाडी १९४६ सालची, अमेरिकन फोर्ड. बारामतीत एका भंगारवाल्याच्या आवारात बाभळीखाली पडली होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. मी घेतली. माणसाला काहीतरी नाद असावा. कुणाला बैलांचा असतो, कुणाला इलेक्शनचा. (तुम्ही दोनदा पडलात, मी कधी काही बोललो का?) म्हशी गोठ्याबाहेर काढल्या आणि गाडी आत लावली. चार वर्षं ती तिथं होती आणि म्हशींनी तिला एक दिवस माफ केलं नाही. मडगार्डाला पाठ घासायच्या, म्हणून रंग तीनदा मारावा लागला. दुरुस्तीचं पुस्तक इंग्रजी होतं. ते राजेश्वरी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून मोठ्यानं वाचायची आणि मराठीत सांगायची, मी नट पिळायचो. पुस्तकाची शेवटची पानं वाळवीनं खाल्लेली. त्या पानांत मागच्या आसाची माहिती होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मागच्या आसाचं काम माझा दोस्त बाबूलाल यानं केलं. बाबूलालचं बारामतीला गॅरेज आहे आणि तालुक्यातला एकही ट्रॅक्टर असा नाही ज्याच्या पोटात त्याचा हात गेलेला नाही. क्राऊनचं दातेरी चाक कुठल्या अंगाला बसवायचं, असा प्रश्न आला. बाबूलाल म्हणाला, ट्रॅक्टरला ह्या अंगाला असतं, म्हणजे गाडीलाही ह्याच अंगाला असणार, लोखंडाला काय अमेरिका आणि काय इंदापूर! मलाही ते पटलं. ते चाक चुकीच्या अंगाला बसलं की गाडीचा सगळा कारभार उलटा होतो, तात्या. पुढं जायचे तीनही गिअर गाडीला मागं नेतात आणि मागं जायचा जो एकच गिअर असतो तो पुढं नेतो, तोही माणसाच्या चालीनं.

आता तुम्ही म्हणाल, मग असली गाडी लग्नाला काढलीच कशाला. तर माझी इच्छा नव्हती. पुतण्याची पांढरी गाडी धुऊन, हार घालून तयार होती. पण सुपारी फुटल्यावर तुम्हीच तुमच्या गावात, अंथुर्ण्यात, पारावर सांगितलंत की आमची सून अमेरिकन गाडीतनं येणार. पत्रिकेवर गाडीचा फोटोही तुम्हीच छापलात. (नवरदेवाच्या फोटोपेक्षा थोडा मोठा.) मी कोण मोडता घालणार? मुलीचा बाप मी.

वरात काढली तेव्हा कुणाला काही कळलं नाही, हे तुम्हीही कबूल कराल. तुमचे पाहुणे गाडीपुढं दोन तास नाचले आणि गाडी त्यांच्या पाठीमागून पावलापावलानं, न तापता, न चेकाळता चालली. वरातीला तेवढाच वेग लागतो. तुम्ही स्वतः बॉनेटवर थाप मारून म्हणालात की कुंडलिकराव, गाडी लय गुणाची हाय. ते वाक्य मी जपून ठेवलंय.

घोळ झाला तो पाठवणीच्या वेळेस. रीतीप्रमाणं मुक्ताबाईनं पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली. मी सवयीनं पहिला गिअर टाकला आणि गाडी मागं सरकली, लिंबं जागच्या जागी. बायामाणसं रडायची थांबून बघायला लागली. मग मी मागं जायचा गिअर टाकून लिंबं फोडली आणि निघालो. सुनेनं दिवेलागणीच्या आत उंबरा ओलांडला पाहिजे, असा तुमचा हुकूम होता. त्या चालीनं रात्रीचे दहा वाजले असते, शिवाय जरा दामटली तर अर्ध्या कोसावरच रेडिएटरचं पाणी खदखदायला लागलं. तेव्हा मी रस्त्याच्या कडेला गाडी फिरवली, तिचं तोंड लासुर्ण्याकडं केलं, आणि तिसरा गिअर टाकून अंथुर्ण्याकडं निघालो. हे काम दुसऱ्या कुणाच्या हातचं नव्हतं, म्हणून बापानं पाठवणीची गाडी चालवली. ही रीत मोडली त्याबद्दल आधीच माफी मागतो. रस्त्यात समोरून येणारी माणसं गाडी येतेय का चाललीय हे न कळून मोटारसायकली उभ्या करत होती. जावईबापू अविराज यांनी डोळे मिटून घेतले, ते तुमच्या वेशीतच उघडले. पोरगा शांत स्वभावाचा आहे, आम्हाला आवडला. माझी मान मात्र त्यानंतर पंधरा दिवस वळलेलीच होती.

वेशीत तुमचा बँड, हलग्या, दीडदोनशे माणूस. फोटोवाला पुढचं बॉनेट टिपायला गुडघ्यावर बसलेला, त्याला डिकी मिळाली. आणि मातोश्री सगळ्यांसमोर म्हणाल्या, "उलट्या पायाची आली गं बया!"

माणसं हसली. तुम्ही हसला नाहीत, आणि तिथून तुमचं माझं बोलणं बंद आहे. मातोश्रींचा अधिकार मोठा, त्यांच्यापुढं मी काय बोलणार. पण विचार केला तर उलटे पाय हडळीचे असतात. चाक गोल असतं, त्याला उलटं काय आणि सुलटं काय? शिवाय राजेश्वरी गाडीतून उतरून तुमचा उंबरा ओलांडून गेली ती स्वतःच्या पायानं, सरळ, उजवं पाऊल आधी. मापही तिनंच लवंडलं. तुमच्या घरात पुढं काही वाकडं झालं असेल तर सांगा. उलट तुमची आटलेली विहीर ह्या साली मृगातच भरली, असं दूधवाला म्हणतो. त्याचं श्रेय मी गाडीला देत नाही, पण दोषही देऊ नये.

वहिनींना नमस्कार. मातोश्रींना दंडवत. कळावे, राग कमी असावा.

तुमचा,
कुंडलिक

ता. क. हे पत्र पंचमीबद्दल नाही असं वर लिहिलं, ते खोटं आहे. राजेश्वरीला पाठवा, तात्या. दोन दिवस पाठवा, एक दिवस पाठवा. मुक्ताबाईनं कडुलिंबाला झोका बांधलाय आणि त्यावर सध्या कुणी बसत नाही. बाबूलालनं आस खोलून चाक बदललं. आता तीन गिअर पुढं, एक मागं, जगाच्या रीतीप्रमाणं. तुमच्या दारात गाडी सरळ तोंडानं येईल.

ता. क. दुसरं. खोटं बोलून लेक मागायला मन घेईना, म्हणून हेही लिहितो. मुक्ताबाईला सांगू नका. गाडीची चूक पाठवणीच्या दिवशी कळली नाही. लग्नाआधी आठ दिवस कळली. उसातल्या रस्त्यावर चक्कर मारायला निघालो होतो, राजेश्वरी मागच्या सीटवर होती. गाडी मागं जायला लागली, मी मान वळवून मागची काच बघायला गेलो, तर समोर तीच. सगळा रस्ता तिचं तोंड माझ्या तोंडासमोर, आणि ती हसत होती. बाबूलाल म्हणाला, दीड दिवसाचं काम हाय, खोलू का? एरवी बापाला पाठवणीत काय दिसतं, तात्या? जाणाऱ्या गाडीची नंबरप्लेट. मी त्याला म्हणालो, "ऱ्हाऊ दे. लगीन झाल्यावर खोल." गाडी फिरवली तिथून तुमच्या वेशीपर्यंत मी तिला बघत होतो आणि ती मला. अर्ध्या वाटेत तिला कळलं, मी चाक मुद्दाम तसंच ठेवलं होतं ते. तिनं पदरानं नाक पुसलं.

तुमच्या रेश्मालाही आता स्थळं येत असतील. तिच्या लग्नाला गाडी पाहिजे असेल तर चारदोन दिवस आधी सांगा. चाक परत उलटं बसवायलाही दीडच दिवस लागतो.