काठाची उंची

१२ मार्च
आज नळ आला. ड्रम, पिंप, घागरी, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवला. ह्यांचं म्हणणं, कुकरात पाणी साठवणारी सिडकोत मी एकटीच. असू दे.

ऑफिसला उशीर. साहेबांनी बोलावलं. वरून आदेश आलाय: आमचं भूजल खातं मोजत असतं त्या निरीक्षण विहिरींची पाणीपातळी संकेतस्थळावर टाकायची. सगळी. कुणीही बघावी, कुणीही उतरवून घ्यावी. आजवर एक आकडा हवा तर अर्ज, शिफारस, चार हेलपाटे. आणि आता दार सताड उघडं? म्हटलं, "साहेब, लोक भलतेच अर्थ काढतील." साहेब हसले. "सुमनताई, दुष्काळात झाकून ठेवण्यासारखं राहिलंय काय?"

बरोबर असेल. तरी कसंसंच झालं. या विहिरींचे आकडे जुळवता जुळवता केस पांढरे झाले माझे. कुणीतरी घरात शिरून माझा ओटा न्याहाळतंय असं वाटलं दिवसभर.

१५ मार्च
आकडे चढले. फक्त 'शेरा' रकाना गाळला. संगणकवाले म्हणाले, त्यात नुसता मजकूर आहे, तक्त्यात बसत नाही. त्यात आम्ही काय काय लिहायचो! शेजारी नवी बोअर. मोटार चालू होती. कुत्रं अंगावर आलं. गेलं सगळं.

२६ मार्च
एक मुलगी आली ऑफिसात. नाझनीन. इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवते, राहते कटकट गेटला. लॅपटॉप उघडला आणि मी बघतच राहिले. आख्खा जिल्हा, त्यावर आमच्या विहिरी. पातळी आधीच्या वर्षांपेक्षा वर असेल तर हिरवा टिपका, खाली असेल तर लाल. बोट ठेवलं की विहिरीची सगळी कुंडली.

"कुणी सांगितलं करायला?"
"कुणीच नै मॅडम. आकडे पडले होते उघड्यावर. तुमचे आकडे, माझे रंग. बस्स."

पैसे? नकोत म्हणे. मग कशाला केलं? "अम्मी रोज विचारती, पाणी जमीन में है भी क्या नै. तिला दाखवायचं होतं."

आम्हाला इतकी वर्षं सुचलं नाही. राग आला, कौतुकही वाटलं. आधी काय वाटलं ते आता आठवत नाही.

५ एप्रिल
नाझनीनचा नकाशा हातोहात पसरलाय. खुलताबादच्या एका मास्तरांनी त्यावर पावसाचे आकडे बसवले, मुलांकडून डोंगरावरच्या आडांची मापं घेतली. कुणी नर्सरीवाला त्यावरून रोपं कुठं खपतील ते बघतो. छान. आणि बीड बायपासचा बोअरचा एजंटही त्यावरूनच गिऱ्हाईक शोधतो! हिरवा टिपका दिसला की शेजारच्या प्लॉटवर गाडी उभी. तिकडे बिल्डिंगा उठतायत भराभरा, तळाशी पाणी आहे का कोण विचारतंय.

एकच नकाशा. मास्तरालाही उपयोगी, एजंटालाही. ह्यांना विचारलं, हे चांगलं की वाईट? म्हणाले, "सुरी चांगली की वाईट? भाजी चिर." चिरली.

११ एप्रिल
नाझनीनचा फोन. खूश होती. आमच्या गावाशेजारी, म्हणजे चितेगावच्या पुढं, माझ्या भावाच्या बायकोचं, वहिनींचं, माहेर आहे. तिथल्या सरपंच मंगलताईंना पाझर तलावातला गाळ काढायचाय. गावानं नकाशा उघडला. आमच्या गावानं तीन वर्षांपूर्वी गाळ काढला होता. नकाशात आमच्या गावची विहीर बघितली, तर गाळ काढल्यापासून लाल! मग लोक म्हणाले, उपयोग काय? एक मेच्या ग्रामसभेत विषय बारगळणार. "मॅडम, गाववाले डेटा बघून ठरवतायत! सोचो!"

आमच्या गावची विहीर म्हणजे दादाची. माझ्या सख्ख्या भावाची. मीच पूर्वी त्याला गळ घालून खात्याच्या यादीत घातली होती ती. पण दादा तर दिवाळीत मोसंबीच्या फुशारक्या मारत होता. पाणी नसलेला माणूस अशा फुशारक्या मारतो?

१४ एप्रिल
सुट्टी. गावी जाऊन आले. उन्हानं डोकं भणभणतंय, तरी लिहून ठेवते, नाहीतर उद्या वाटेल स्वप्न पडलं.

वहिनींनी मोसंबी सोलून दिली. म्हटलं, चला विहिरीवर बसून खाऊ, लहानपणी बसायचे तशी. लहानपणी कशाला, पन्नाशीपर्यंत बसत होते. गुडघ्याएवढा काठ. आज बघते तर छातीला लागतोय! वहिनींनी दगड सरकवला, त्यावर पाय देऊन चढले. पाय लोंबकळायला लागले. म्हातारपणी माणूस आखडतं म्हणतात, पण इतकं?

"दादा, हा काठ कधी वाढवला?"
"गाळ काढला तव्हा. बागंत गाळ टाकायला ट्रॉल्या येत व्हत्या. एकीचं चाक घसरून निम्मं विहिरीवर आलं. मंग घेतला बांधून."

मोसंबीची फोड हातातच राहिली. आमची मोजायची रीत अशी: टेप काठावरून आत सोडायची, आलेल्या आकड्यातून काठाची उंची वजा करायची. पण ती उंची विहीर यादीत येते तेव्हा एकदाच मोजतात. पुढे तीच धरतात. म्हणजे काठ चढला वर आणि आमच्या कागदाला वाटलं पाणी गेलं खाली. आत वाकून बघितलं. एवढ्या उन्हाळ्यात पाणी चकाकत होतं.

गाळ काढला म्हणून पाणी वाढलं. गाळ काढला म्हणूनच काठ वाढला. आणि काठ वाढला म्हणून पाणी लपलं.

मला आनंदच झाला. दादाला सांगितलं, उद्याच दुरुस्त करते. त्याचा चेहरा उतरला.

"नगं करू."
"अरे, चूक आहे ती."
"असू दे. मागल्या दुष्काळात तहसीलनं माझी विहीर ताब्यात घेतली व्हती टँकर भराया. आठवतंय का? बाग वाळली, झाडं तोडून सरपण केलं मी. आता परत विहिरी हुडकायलेत. तुझा नकाशा बघूनच हुडकायलेत. लाल टिपका म्हंजी माझ्या बागंची राखन हाय, सुमे."

निघताना वहिनी एवढंच म्हणाल्या: "माझ्या भावाच्या गावात बाया तीन मैलांवरून पानी आनत्यात." दादा ऐकू न आल्यासारखा बैलाकडे गेला.

१६ एप्रिल
साहेबांना आडून विचारलं. एखाद्या विहिरीचा काठ बदलला असेल तर? म्हणाले, स्थळपाहणी, प्रस्ताव, मंजुरी, बघू पावसाळ्यानंतर. आमचे मोजणीवाले कदम म्हणाले, "मी 'काठ वाढविला' असं शेऱ्यात लिहिलं होतं की, मॅडम." शेऱ्यात! जो आम्ही गाळला.

म्हणजे आकडे सगळ्यांना दिले आणि ते वाचायचे कसे तेवढं कपाटात ठेवलं.

२० एप्रिल
नाझनीन घरी आली. चिवडा, चहा. नकाशाला तिनं नवं बटण जोडलंय: 'दुरुस्ती सुचवा'. कुणीही माप घ्यावं, फोटो काढावा, धाडावं. ती तपासून चढवते. "नकाशा माझा थोडाच आहे मॅडम? ज्याला जे माहीत ते त्यानं टाकायचं. तभी तो पक्का होगा."

माझ्या ओठांवर आलं होतं. बोलले काय? "अजून चिवडा घे." चांगली मुलगी आहे. तिच्यासमोर बसणं जड गेलं.

ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, सांगून टाक. पाच मिनिटांनी म्हणाले, पण दादांची बाग... आता घरात गोंधळलेली माणसं दोन.

२४ एप्रिल
मंगलताईंचा फोन. नंबर कुणी दिला? वहिनींनीच दिला असणार.
"तुमी त्या गावच्या लेकी. नकाशा ऱ्हाऊ द्या बाजूला. गाळ काढून पानी वाढलं का नाय, खरं सांगा."
"मोजून सांगते."
"व्हय, पन एक मेच्या आत मोजा ताई."

दुपारभर कामात लक्ष नव्हतं. दादानं मला कडेवर घेऊन याच विहिरीत पोहायला शिकवलंय. खरं बोलायचं तर त्याच्या बागेवर घाला. गप्प बसायचं तर एका गावाचं पाणी माझ्यामुळे अडलेलं. मला दोन्ही नको आहे. तिसरं काही असेल तर दिसत नाही.

३० एप्रिल
गेले. न कळवता. ऑफिसचा टेप पर्समध्ये.

दादा ओसरीवर होता. टेप बघितला, समजला, तोंड फिरवून बसला. वहिनी आल्या माझ्याबरोबर. मी काठावर चढले, त्यांनी खाली वाकून टोक धरलं. टेप सारखा सैल पडत होता. तेवढ्यात मागून आवाज:
"सैल सोडू नगं. ताठ धर. मोजायचं तर नीट मोजा, न्हाईतर मोजू नगा."
दादा आला, वहिनींच्या हातून टोक घेतलं, जमिनीला टेकवून धरलं. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. माप झालं, तसा गेला. जेवायलाही नाही थांबला.

एसटीत बसून बटण दाबलं. रडू आलं. शेजारच्या बाईनं विचारलं, कुणी गेलं का? म्हटलं, माहीत नाही.

टेप तिथंच राहिला.

१ मे
टिपका हिरवा. मंगलताईंचा फोन: ग्रामसभेत सगळे हात वर. पुढच्या आठवड्यात गाळाला सुरुवात. मागं बायकांचा गलका ऐकू येत होता. इतका आनंद झाला की ह्यांना शिरा करून घातला.

दादाला फोन केला. उचलला नाही.

४ मे
वहिनींचा फोन, हळू आवाजात. तहसीलचा माणूस येऊन गेला. गुरुवारी जीप येणार विहीर बघायला. "हे जेवले नाहीत सकाळधरनं."

झालं. दादा म्हणत होता तेच झालं. शिऱ्याची आठवण झाली आणि स्वतःचाच राग आला.

७ मे
नाझनीनचा फोन. "मॅडम, तुमच्या गावात काय चाललंय? कालपासनं टिपकेच टिपके! सब फोटो के साथ."

आधी काही कळेना. मग वहिनींना विचारलं. दादा! ऑफिसचा टेप घेऊन मोटारसायकलवर गावभर फिरतोय. भावकीतला एक पुतण्या मागं बसून फोटो काढतो. सोसायटीच्या माजी चेअरमनांची बांबूच्या बेटातली विहीर, जी कुठल्याच सरकारी यादीत नव्हती. पोल्ट्रीवाल्याची. शाळेमागची अर्धी बुजलेली. लोक विचारतात, काय करतोस? म्हणतो, "माझी एकट्याचीच उघडी कशाला? समद्यांच्या उघडू."

रागानं करतोय की शहाणपणानं? नाझनीनला वाटतं गाव जागं झालं. चेअरमन म्हणे शिव्या देत दारात येऊन गेले. वहिनींचं वेगळंच: "इतक्या विहिरी दिसल्या तर येकाच्याच गळ्याला फास कशाला? पाळीनं टँकर भरू देऊ. बाग बी जगंल, मान्सं बी." हे नाझनीनला सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, पाळी लावणं तर सोपंय. आजच बसते."

तहसील मानेल? गाव मानेल? चेअरमन?

८ मे
उद्या जीप. नाझनीननं पाळीचा तक्ता करून पाठवला. दादाच्या विहिरीला आठवड्यातून एक दिवस. साहेबांना दाखवला. म्हणाले कल्पना चांगली आहे, पण खात्याचा संबंध नाही. टेप कुठंय असं मात्र विचारलं.

संध्याकाळी दादाचा फोन. स्वतःहून. कितीतरी दिवसांनी.
"उद्या येशील?"
"येते."
"कुनाकडनं हुबी ऱ्हाशील? खात्याकडनं का घराकडनं?"
दोन्ही उत्तरं तोंडात आली, दोन्ही खोटी वाटली.
म्हटलं, "टेपचं एक टोक तू धर. दुसऱ्या टोकाला मी."
दादा हसला की खोकला, कळलं नाही. म्हणाला, सकाळच्या एसटीनं ये, ऊन व्हायच्या आत.