तुम्ही मान हलवलीत तेव्हा

बाबा, तुम्हाला लिहायचं तर आधी भाषा ठरवावी लागते. घरची वापरली तर म्हणाल, एवढं शिकवलं ते कशाला. पुस्तकी वापरली तर म्हणाल, कोण बाई बोलून राह्यली ही. म्हणून मधलीच वापरते. तसंही तुमचं उत्तर येणार नाही, तेव्हा तक्रार करायची सोय तुम्हाला नाही.

चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा निघाला होता, त्या दिवसांत तुम्हाला लकवा झाला. मूल गावी, तुमच्या कामाच्या राइस मिलमध्ये, धानाच्या पोत्याला टेकून खाली बसलात ते उठलाच नाहीत. चंद्रपूरच्या दवाखान्यात तुमची उजवी बाजू निपचित पडलेली पाहून मला सुचला तो विनोदच, तुमच्याकडूनच आलेली खोड. म्हटलं, "बाबा, जिल्ह्यासारखी तुमचीही वाटणी झाली. कारभार सारा डाव्या बाजूले आला." तुमच्या ओठाची डावी कड हलली. उजवी हलली नाही. त्यानंतर मी तिथे विनोद जपून केले.

अजून डोळ्यांसमोर येतं: मी तुमच्या उजव्या मुठीत रबरी चेंडू ठेवते आहे. दाबा, म्हणते. चेंडू घरंगळून खाटेखाली जातो, मी वाकून काढते, पुन्हा ठेवते. पेज चमच्याने भरवते, हनुवटीवरचा ओघळ पदराने पुसते, आणि तेवढ्या वेळात तुम्ही भिंतीकडे बघता. डॉक्टर म्हणाले होते, हात येईल, बोलणंही येईल, रोज चोळा, हलवा, घाई करू नका. हे वाक्य मी सूत्रासारखं पाठ केलं होतं आणि सूत्रासारखाच त्याचा अर्थ रोज नव्याने लावत होते.

मग आरमोरीहून आत्याबाई आल्या. तुमची धाकटी बहीण, आता दुसऱ्या जिल्ह्यातली पाहुणी. पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाल्या, "कबूतर आणा. ऊन रक्तानं चोळलं का लकवा उतरते."

"आत्याबाई, बाबाले असलं चालत नाई."

"तुले कोणं विचारलं वं? संस्कृत शिकली तं डॉक्टर झाली का?"

"तुम्ही तं झाल्या न."

"मी बहीण हाये त्याची."

त्यांना वाद घालायला तुम्हीच शिकवलं होतं, म्हणून मला राग नव्हता. उलट मजा वाटत होती, कारण निकाल मला ठाऊक होता. धम्मदीक्षा घेतल्यावर घरातला देव्हारा उतरवणारे तुम्ही. शेजाऱ्यांनी तुमच्या दारावर बांधलेलं लिंबू-मिरची सोडवून मिरची वरणात घातलीत आणि लिंबाचं सरबत त्यांनाच पाजलंत. आईला ताप आला, तेव्हा उतारा घेऊन निघालेल्या याच आत्याबाईंना तुम्ही दारात अडवलं होतं: "ताप हाये तो, भूत नाई. अन् भूत असन तं त्यालेही गोळीच देऊ." मी कॉलेजात संस्कृत घेतलं तेव्हा सारी वस्ती हसली, आणि तुम्ही म्हणालात, "वाच. आपल्याबद्दल का लिवून ठेवलं हाये ते पाहून ये, अन् मले सांग."

म्हणून मी तुमच्याकडे वळून अगदी निर्धास्तपणे म्हटलं, "बाबा, तुम्हीच नाई म्हणा."

तुम्ही बहिणीकडे पाहिलंत. मग चादरीवरच्या तुमच्या उजव्या हाताकडे, कुणाची तरी विसरलेली वस्तू पाहावी तसं. आणि मान हलवलीत. हो म्हणून. माझ्याकडे पाहिलंच नाहीत.

मी बाजारात गेले. पक्षी विकणाऱ्या चाचांनी माझं तोंड पाहूनच विचारलं, "लकवा? कौन है?" वडील म्हटल्यावर त्यांनी आतल्या पिंजऱ्यातलं निवडून दिलं. दवाखान्याच्या भिंतीमागे आत्याबाईंनी काय करायचं ते केलं आणि वाटी पदराखाली झाकून आणली. त्या चोळत होत्या आणि मी, अर्धं एम.ए. झालेली, सिस्टर येते का ते पाहत दाराशी पहारा देत होते. सिस्टर आल्याच. चादरीवरचे डाग पाहून थबकल्या. "हे का करून राह्यले तुम्ही?" त्यांनी तुमच्याकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "चादर बदला लवकर. साहेब राऊंडले येऊन राह्यले."

पुढे तुमची बोटं थोडी वळली. आत्याबाईंनी श्रेय कबुतराला दिलं, डॉक्टरांनी व्यायामाला. आपण मूलला परतलो. अंगणातल्या खाटेवरून तुम्ही मिलच्या दिशेने बघत बसायचात, आणि बोलणं येईल येईल म्हणत होतो ते आलं नाही. धानकापणीच्या दिवसांत दुसरा झटका आला, त्यात गेलात.

त्यामुळे विचारायचं राहिलं ते राहिलंच. ती मान तुम्ही कुणासाठी हलवलीत? बहिणीला एकदा तरी काही करू द्यावं म्हणून, की उठायची इच्छाच इतकी झाली होती? पहिलं असेल तर ते तुम्हाला शोभणारंच होतं. दुसरं असेल तर 'नाई म्हणा' म्हणून मी तुम्हाला त्या क्षणी एकटं सोडलं, आणि तो विचार मला अजून सोसत नाही.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, आणि त्याचं कारण एवढंच. त्या दिवशी बाजारातून येताना रिक्षात कबूतर माझ्या दोन्ही हातांत होतं, त्याची छाती माझ्या तळव्याखाली उडत होती. हात मोकळे नव्हते, म्हणून जोडता आले नाहीत. पण मनातल्या मनात, बाबा, मी कुणाला तरी जोडले. कुणाला, ते मी तुम्हाला सांगणार नाही.