वरोरचा सागवानी खांब

रविवार, संध्याकाळ. रानशेत.

आज वरोरला जाऊन आलो. बुडालेल्या मच्छीमारांच्या आठवणीसाठी किनाऱ्यावर उभा केलेला सागवानी खांब पाहिला. माझ्या धाकट्या भावाने, सुरेशने कोरलाय. पटाशी धरायला मीच शिकवलं त्याला. खोटं कशाला लिहू, चूक शोधायलाच गेलो होतो. खांबावरच्या मासेमारीच्या जाळ्याची एकेक गाठ त्याने सुटी कोरलीय. त्या गाठी! मला जमल्या असत्या? नाही.

एक म्हातारी खांबावर हात फिरवत होती. तिचा मुलगा समुद्रातून परतलाच नव्हता.

"तुम्ही कोरलाय का हो, भाऊ?"

"हो, मीच."

कसं बोलून गेलो! तिने माझे दोन्ही हात डोळ्यांना लावले, आणि मी लावू दिले.

आत्ताच सुरेशचा फोन आला. "दादा, पाहिलास? कसा झालाय?"

"बरा आहे," एवढंच म्हणालो.