साठ किलो मिरच्या आणि माझं टाइमटेबल

सोमवार, १६ ऑक्टोबर. सकाळी ६.१०

घर अजून झोपलंय. प्लॅनिंगला उत्तम वेळ.

काल धाकट्या कोस्ताला उचलताना बिसेराच्या कंबरेत चमक भरली. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर अंथरुणातून उठायचं नाही. मी लगेच ऑफिसातून रजा घेतली. बायकोला म्हटलं, तू निवांत पड, घर मी बघतो. तिने छताकडे बघितलं. मग म्हणाली, "आज मिरच्या येणार आहेत, स्पासे. यंदा नको म्हणून सांगायचं का?"

नको? आमच्या कुमानोवोत ऑक्टोबरात ज्या अंगणातून मिरच्या भाजल्याचा वास येत नाही, त्या घरात काहीतरी वाईट झालंय असं लोक धरून चालतात. आणि हिवाळाभर पाच पोरं पावाला काय लावून खाणार? गोड लाल मिरच्या भाजून, वाटून आटवलेला आयवर झालाच पाहिजे. मी नगरपालिकेत पाणीपुरवठ्याच्या प्लॅनिंगला आहे. अख्ख्या गावाला पाणी पाजणाऱ्या माणसाला पाच पोरं आणि साठ किलो मिरच्या म्हणजे किस झाड की पत्ती!

टाइमटेबल केलं. चार रंगांत. फ्रिजवर लावलं.

संकल्प: आवाज चढवायचा नाही. बिसेराला काहीही विचारायचं नाही.

सकाळी ८.४०

टाइमटेबलच्या एक तास दहा मिनिटं मागे. कारण: कोस्ता दीड वर्षाचा आहे, त्याला वाचता येत नाही. जुळे (ओग्नेन आणि दामियान, वय सात) सकाळच्या शाळेला गेले. ओग्नेनच्या पायात दोन्ही डावे बूट होते. म्हणजे दामियानच्या पायात दोन्ही उजवे असणार. एकूण बूट बरोबर आहेत.

संध्याकाळी ७.००

बिसेराला नऊ वेळा विचारलं. पण त्यातले चार प्रश्न कोस्ताच्या एकाच पँटबद्दल होते, तेव्हा सहा धरावेत.

मंगळवार, १७ ऑक्टोबर. दुपारी ४.००

भाजणी. अंगणात पत्र्याची शेगडी मांडली, लाकडं भरपूर घातली. जाळ मोठा असला की साल पटकन सुटते, हे साधं शास्त्र आहे. शेजारचे लाझारकाका कुंपणावर हनुवटी टेकवून उभे राहिले. "काय रे, मिरच्या भाजतोयस की घर?"

मी त्यांना शास्त्र समजावलं. ते म्हणाले, "साल सुटलीय खरी. आतली मिरचीसुद्धा सुटलीय."

दहाएक किलो जरा जास्त भाजल्या गेल्या. काळ्या म्हणता येतील. थोरली कालिना (वय अकरा, शाळा दुपारची, पण आज शिक्षकांची मीटिंग म्हणून लवकर सुटली) आली आणि म्हणाली, "बाबा, अर्धी लाकडं काढ." मी तेच करणार होतो.

संध्याकाळी ५.३०

घरात एकदम शांतता. घाबरून शोधलं, तर पाचही जण बिसेराच्या पलंगावर ओळीने बसलेले. जुळे चक्क पाढे म्हणत होते. मी म्हटलं, "अरे, आईला त्रास देऊ नका, बाहेर व्हा." बिसेरा म्हणाली, "असू देत. तू जा, तुझ्या मिरच्या बघ."

नंतर लक्षात आलं. टाइमटेबलमध्ये ५ ते ६ "शांत खेळ" असंच लिहिलंय. दुसऱ्याच दिवशी रिझल्ट! आवाज फक्त तीनदा चढवला. एकदा तर मिरचीवर, ते मोजू नये.

बुधवार, १८ ऑक्टोबर. दुपारी २.००

सोलणी. साठ किलो मिरच्यांना साली किती असतात, याची माहिती कुणी लिहून ठेवलेली नाही. हात लाल. दाराच्या कड्या लाल. कोस्ता लाल. शाळेतून आलेल्या जुळ्यांना मदतीला बसवलं (जबाबदारी दिली की मुलं घडतात). त्यांनी ओल्या साली भिंतीवर मारून कोणाची जास्त वेळ चिकटते याची स्पर्धा लावली. ओग्नेनची अजून चिकटलेली आहे.

संध्याकाळी ६.१५

यागोदा (वय चार) दोन दिवस मागे लागलीय, "बाबा, माझे काटे कधी करणार?" बालवाडीत शरद ऋतूचा कार्यक्रम आहे, त्यात ती साळिंदर आहे. मी फ्रिजवर दाखवलं: शुक्रवारी कार्यक्रम, गुरुवारी ६ ते ६.३० "काटे". हिरव्या रंगात. ती म्हणाली, "कार्यक्रम उद्या आहे." चार वर्षांच्या पोरीला उद्या आणि परवा यातला फरक कळत नाही. प्रेमाने समजावलं. ती भोकाड पसरून आईच्या खोलीत गेली. दार लागलं. थोड्या वेळाने हसण्याचा आवाज आला. मुलांना ठाम उत्तर लागतं. ते मिळालं की ती शांत होतात.

गुरुवार, १९ ऑक्टोबर. सकाळी ८.४५

यागोदाला बालवाडीत सोडलं. पिशवी घट्ट धरून होती, मला बघू देईना. बाकीचे पालक कागदाची पानं, भोपळ्याच्या टोप्या वगैरे घेऊन आले होते. एक दिवस आधीच! हल्लीच्या पालकांना अजिबात धीर नाही.

आज कढई. वाटलेल्या मिरच्या, तेल, मंद जाळ. तीन तास ढवळत राहायचं, एक मिनिट हात थांबला तरी तळाला लागतं. मी तयार आहे.

दुपारी १.३०

 

पावणेअकराला बालवाडीच्या बाईंचा फोन. म्हणाल्या, "अहो, पंधरा मिनिटांत कार्यक्रम सुरू होतोय. सगळे आई-बाप आलेत. यागोदा खुर्चीखाली जाऊन बसलीय. म्हणते, बाबा आल्याशिवाय बाहेर येणार नाही."

कढईकडे बघितलं. अख्खा हिवाळा त्यात रटरटत होता. कालिनाला ओरडून सांगितलं, कोस्ताला घेऊन घरात जा, विस्तवाजवळ अजिबात यायचं नाही. आयवर गेला तर गेला. आणि पळालो.

बालवाडीत पोचल्यावर कळलं, की अंगावर ॲप्रन आहे आणि हातात कढईचं लाकडी उलथणं. कोपरापर्यंत लाल. खुर्चीखाली वाकून बघितलं. यागोदाच्या डोक्यावर सुंदर करडी टोपी, तिला शिवलेले कापडी काटे. (बालवाडीतून दिली असावी. चांगली सोय आहे.)

म्हणाली, "तू उशीर केलास." म्हटलं, हो. म्हणाली, "काल सांगितलं होतं ना?" म्हटलं, हो. मग तिने माझं बोट धरलं, ते सोडेचना. त्यामुळे मलाही स्टेजवर जावं लागलं. पहिल्या रांगेतलं एक पोरगं ओरडलं, "हा कोण?"

यागोदा सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "हे माझे बाबा. ते मिरची आहेत."

दोन गाणी संपेपर्यंत मी मिरची होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, पण सकाळपासून धुरात उभा होतो.

घरी आलो तो सगळं जळलं असणार असं धरूनच. तर काय! आयवर दाट, चकचकीत, तळाला कणभर लागलेला नाही. जाळ नेमका ठेवला की ढवळावंच लागत नाही, हे आजवर कुणाच्याच लक्षात आलेलं नाही. लाझारकाका कुंपणापलीकडे तोंडावर टोपी धरून खोकत होते. बिसेरा पांघरुणात. गाल लाल झालेत, केसांना धुराचा वास. खिडकी उघडी राहिली असणार. बंद केली.

शुक्रवार, २० ऑक्टोबर. संध्याकाळी ६.००

बरण्या भरल्या. जुळ्यांच्या बाईंची चिठ्ठी: या आठवड्यात गृहपाठ फारच सुंदर. अर्थात. घरातलं वातावरण बदललं की मुलं बदलतात.

बिसेराचं तिसरं पुस्तक चालू आहे. बिचारी. दुसरं काय करणार?

ऑफिसात "घराचं नियोजन" या विषयावर दोन शब्द बोलावेत का? वीस मिनिटं पुरतील.

शनिवार, २१ ऑक्टोबर. सकाळी ११.००

पाव आणायला निघालो, कोपऱ्यावरून पाकीट विसरलं म्हणून परत आलो. स्वयंपाकघरात बिसेरा स्टुलावर उभी. कडेवर कोस्ता. दुसऱ्या हाताने वरच्या फळीवर बरण्या लावतेय. कालिना दारात पहारा देत होती, ती म्हणाली, "आई, आलाच तो."

 मी म्हटलं, "कंबर?"

बिसेरा खाली उतरली. "बुधवारपासून बरी आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला पड म्हणालं, स्पासे. दोन दिवसांत कशी उठू?"

मग एकेक बाहेर आलं. काटे तिने बुधवारी शिवले. गृहपाठ पलंगावर व्हायचा. गुरुवारी दीड तास कढई तिने ढवळली, नाइटगाउनवर. लाझारकाकांनी माझी वाट बघत रस्त्यावर लक्ष ठेवलं.

मी फार रागावलो. पण नेमकं कशावर, ते ठरेना. म्हटलं, "म्हणजे मी काहीच केलं नाही."

ती म्हणाली, "वेडा आहेस का? तू कढई सोडून पळालास, ते मी खिडकीतून बघितलं. म्हटलं, या माणसाच्या हातात घराचं काय होईल सांगता येत नाही, पण पोरांची काळजी नाही. म्हणून तर आणखी दोन दिवस बिनघोर पडले."

 पाव आणायला गेलो. पाकीट पुन्हा विसरलो.

रविवार, २२ ऑक्टोबर. संध्याकाळी ५.००

शर्टाला इस्त्री केली. टाय काढून ठेवला. उद्यापासून ऑफिस. आठवडाभर डिपार्टमेंटचं काय झालं असेल, देव जाणे. घराला माझी गरज आहे, पण गावालाही आहे.

सोमवार, २३ ऑक्टोबर. सकाळी ८.१०

ऑफिस बंद. दाराला कुलूप. वॉचमन झाडाखाली अक्रोड फोडत बसला होता. म्हणाला, "साहेब, आज तेवीस ऑक्टोबर. सरकारी सुट्टी. दरवर्षी असते."

मी म्हटलं, माहीत आहे, एक फाइल बघायची होती.

सकाळी ८.४०

पायरीवर बसलोय. ऊन छान आहे. कुणी काही मागत नाहीये.

सकाळी ८.५५

बिसेराचा फोन. "कुठे आहेस?"

म्हटलं, ऑफिसात. थोडं काम आहे.

"कुलूप आहे ना?"

 मग विचारलं, तुला सुट्टी आहे हे माहीत होतं?

"हो."

मग निघताना बोलली का नाहीस?

ती म्हणाली, "तू टाय बांधताना शीळ घालत होतास. जीवावर आलं रे." मागे काहीतरी फुटल्याचा आवाज आला, मग जुळ्यांचा. ती फोनवर हात ठेवून ओरडली आणि परत आली. "दहापर्यंत बस. मग ये."

वॉचमनने चार अक्रोड दिले.