चोवीस तारखेची माळ

हैद्राबाद, १२ डिसेंबर

चि. ज्योत्स्नास अ. उ. आ.

तुमी मायलेकी खुशाल असाल. मी बेकरीत केक भाजता भाजता सोताच अर्धा भाजलो. पंचवीसच्या सकाळी पोचतो, त्याआधी मालक सोडत नाई.

या डब्यात प्लास्टिकची हिरवी माळ हाये, वीस हात. दारावर, खिडकीवर, येशूच्या फोटोवर पुरून उरन. मागच्या नाताळात मी आणलेला प्लास्टिकचा तारा मायनं अंगणवाडीत देऊन टाकला, म्हणे याले वास नाई. म्हणून फोनवर बोललो नाई, आयकलं तं वापस पाठवाले लावन. कोठीत लपव. माय चोवीसले दुपारी जांभळीच्या डहाळ्या आणाले जंगलात जाते. तू सकाळीच माळ लाव. घर सजलेलं दिसलं का माय नाई जाणार. यंदा नाल्याकडे वाघीण बच्चे घेऊन फिरून राह्यली, मले लय घोर लागला.

तोंड बंद ठेव बरं, तुह्या पोटात गोष्ट राह्यत नाई. लोभ असू दे, वाढला तं केक आणीन.

तुहा भाऊ,
प्रफुल

---

गावावरून, ९ जानेवारी

ती. प्रफुलभाऊस सप्रेम सलाम, वि. वि.

मायले माती देऊन तू गेला तेव्हापासून हे पत्र लिहून राह्यली अन् फाडून राह्यली. फोनवर हे सांगता येत नाई.

कब्रस्तानात तू म्हणाला, पार्सल येळेवर पोचलं असतं तं माय वाचली असती. मी खाली पाह्यत राह्यली. भाऊ, पार्सल एकोणीसलेच आलं होतं. कोठीत तांदळाखाली होतं, तू म्हणाला तसं.

तेवीसले सत्यशीलाकाकू अन् शेजारच्या बाया जंगलात सरपणाच्या काड्या आणाले निघाल्या. उद्या एकटं जाण्यापेक्षा आज सोबतीनं जातो, म्हणाली माय. वाघिणीले तेही भेतच होती. मी नको म्हटलं, तं म्हणे मंग नाताळाले घर उघडंबोडकं ठेवाचं का. मले कोठी उघडता आली असती. पण तुही चोवीस तारीख आठवली. तू चिडवशीन म्हणून गप बसली. नाल्याजवळ वाघिणीनं तिले कसं नेलं, ते बायांनी तुले सांगितलंच. जलमात कोणती गोष्ट माह्या पोटात राह्यली नाई, तेवढी एक राह्यली.

तिनं तोडलेल्या डहाळ्या बायांनी आणून देल्या, मी दारावर बांधल्या. आता वाळून गेल्या. माळ डब्यातच हाये. जाळू का? राग आला तरी दोन ओळी टाक.

तुही,
ज्योत्स्ना

---

हैद्राबाद, १७ जानेवारी

चि. ज्योत्स्नास अ. आ.

पत्र मिळालं. तुही चूक नाई. लपव असं मी लिहिलं, चोवीस मी लिहिलं. मायले सरळ सांगता आलं असतं का माळ घेतली, जंगलात जाऊ नको. भांडली असती, दोन दिवस बोलली नसती. मी त्या भांडणाले भ्यालो. अन् पार्सलवाल्याले शिव्या देत बसलो.

माळ जाळू नको. नाताळ गेला तरी लाव, माय डहाळ्या बांधत होती त्या दारावरच्या खिळ्यालेच लाव. मी इतवारी येतो.

तिनं दारात उभं राहून म्हटलं असतं, याले वास नाई, वापस कर. मले तेवढंच आयकाचं होतं.

आता आपण दोघंच, लोभ सोडू नको.

तुहा भाऊ,
प्रफुल