वटवट्याचं मौन

३ जानेवारी, सकाळी ७.१०
विधात्याविरुद्ध तक्रार नोंदवतो. मोरावर ज्याने डबेच्या डबे रंग ओतला, त्याच्याकडे वटवट्यांच्या वेळेला फक्त हिरवट धुवण उरावं, आणि त्याच धुवणात त्याने डझनभर जाती बुडवून काढाव्यात, हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. बोटभर पक्षी. पाठ हिरवट, पोट मळकट, डोळ्यावर फिकट भुवई. सगळ्यांचं तेच. फरक काय, तर एकाची भुवई चोचीला टेकते, दुसऱ्याची केसभर अलीकडे थांबते. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासतो आहे. गळालेला अनुस्वार मला पान उलटण्याआधी दिसतो. असल्या माणसाला भुवईने चकवावं?

पक्षिमंडळाच्या पुस्तिकेचं काम माझ्याकडे आलं आहे. उद्यानातले बेचाळीस पक्षी, बेचाळीस फोटो, प्रत्येकाखाली चार ओळी. ओळख मी ठरवणार. अंतिम शब्द माझा.

निश्चय : महिनाअखेर मजकूर हातावेगळा. दंतवैद्याशी वाद घालायचा नाही.

४ जानेवारी
दंतवैद्याशी वाद झाला.

दंतवैद्य म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. मंडळात माझ्यानंतर आला आणि आल्या दिवसापासून माझ्या पुढे उभा असतो. विषय : उद्यानाच्या मागच्या फाटकाजवळच्या झाडावरचा वटवट्या. फोटोवरून मी निकाल दिला, मोठ्या चोचीचा. आमच्या उद्यानात पहिलाच. पुस्तिकेचं मुखपृष्ठ! हा म्हणतो, भावोजी, साधा हिरवट वटवट्या आहे हो. आवाज ऐका ना, चि-वी, चि-वी करतोय. मी म्हटलं, सकाळपासून तीन तास इथे उभा आहे, पक्ष्याने चकार शब्द काढलेला नाही. तो म्हणाला, आत्ता ओरडतोय की! मी म्हटलं, मला तरी एकच तोंड चाललेलं दिसतंय, आणि ते झाडावर नाही.

यावर त्याने माझ्या हातात एक कार्ड ठेवलं. कानाच्या डॉक्टरचं. मी सांगितलं, दातांच्या माणसाने दुसऱ्याच्या कानात नाक खुपसू नये.

कार्ड जाड आहे. लिहिण्याच्या टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली बसवलं. टेबल आता डगमगत नाही. दंतवैद्याचा पहिला उपयोग.

६ जानेवारी
हिला हल्ली नवीन खोड लागली आहे. स्वयंपाकघरातून हात पुसत येते, माझ्यासमोर हातभर अंतरावर उभी राहते, मी वर बघेपर्यंत थांबते, आणि मग विचारते, चहा घेणार का? एवढ्यासाठी समक्ष हजेरी! मी म्हटलं, अगं, मी आरोपी आहे का? ती काहीतरी पुटपुटत आत गेली. पुटपुटणं हा त्यांच्या घराण्यातला दोष आहे. नेमका भावात तेवढा उतरला नाही.

स्वयंपाकघरात असली की एक शब्द बोलत नाही. अबोला धरलेला दिसतो. कारण विचारणार नाही. कारण दंतवैद्यच असणार.

८ जानेवारी
मनगटी घड्याळाचा पहाटेचा गजर बंद पडला. दुरुस्तीवाल्याने उघडलं, मिटलं, परत दिलं. वाजतंय की साहेब, म्हणाला. आणि ते माझ्या कानाशी धरून माझ्याचकडे बघत राहिला. लबाड. पैसे घेतले नाहीत, म्हणजे मनात पाप होतंच.

निश्चय : गजराविना उठायचं.

९ जानेवारी, सकाळी ९.४०
उठलो.

११ जानेवारी
मंडळातले सगळे आवाजावरून पक्षी ओळखायला लागलेत. आळशीपणा. ऐकीव पुरावा कोर्टातसुद्धा चालत नाही. प्रत्यक्ष हेच पहिलं प्रमाण, आणि अक्ष म्हणजे डोळा. (अक्ष म्हणजे कोणतंही इंद्रिय, त्यात कानही आला, असं म्हणण्याइतका दंतवैद्य शिकलेला नाही.)

फोटो कॉम्प्युटरवर वाढवला. आणखी वाढवला. शेवटी भुवईचे नुसते चौकोन उरले. ते मोजले. अकरा. हिरवट वटवट्याच्या फोटोत नऊ भरले. विषय संपला.

दुपारी हिला पडद्यावर दाखवलं. म्हणाली, हा पक्षी आहे का?

१५ जानेवारी
सभासदांनी पाठवलेला पुस्तिकेचा मजकूर भिकार आहे. फुलटोचा, चष्मेवाला, शिंजीर, तीनचार वटवटे, सगळ्यांपुढे सर्रास लिहिलंय, ‘बारीक, तीक्ष्ण शीळ’. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी टिपून घेतलं. मी चार दिवस सकाळी खातरजमा केली. पक्षी दिसले, चोची उघडमीट होताना दिसल्या, शीळ नाही. बहुधा जांभया देत असावेत.

लाल पेन घेतलं आणि अकरा पक्ष्यांचं गाणं खोडलं. समासात लिहिलं, ‘निराधार’. कावळा, पारवा, घुबड यांचं राहू दिलं. ते प्रामाणिक आहेत. मोठ्या चोचीच्या वटवट्यापुढे स्वतःची ओळ घातली : ‘हा पक्षी मितभाषी आहे.’ वाक्य चांगलं उतरलं आहे.

२० जानेवारी
दुरुस्त मजकूर पाहून अध्यक्षाबाईंचा फोन. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. फोनवर स्पष्ट बोलत नाहीत, पण एवढं कळलं : अहो, तुम्ही अकरा पक्षी मुके केलेत. मी म्हटलं, मी फक्त चूक दुरुस्त केली. त्या म्हणाल्या, रविवारी सभेत काय ते ठरवू. दंतवैद्य यंत्रावर आवाज टिपून आणणार आहे.

आणू दे. यंत्रात काय, कुणीही शीळ घालून ठेवेल. शीळ घालायला दात लागतात, आणि ते त्याच्याकडे डबाभर आहेत.

निश्चय : सभेत संयम. त्याला बोलू द्यायचं. मग एका वाक्यात झोपवायचं. वाक्य तयार आहे.

२५ जानेवारी, दुपारी १
सभा झाली. वाचनालयाची मागची खोली, लांब टेबल, नऊ माणसं. दंतवैद्याने छोटंसं यंत्र मधोमध ठेवलं. म्हणाला, फाटकाजवळचाच पक्षी, त्याच झाडावरचा. लावतो. बटण दाबलं.

मी माझं वाक्य जिभेवर घेऊन बसलो. कुणीच बोलेना. ग्रंथपालाची मान तिरकी झाली. अध्यक्षाबाईंनी डोळे मिटले आणि हसल्या, कुणी ओळखीचं दारात आल्यावर हसतात तशा. मी घड्याळ पाहिलं. मिनिट गेलं. मग मीच म्हटलं, अहो, सुरू तरी करा, आम्हाला दुसरे उद्योग आहेत.

कुणी हसलं नाही. दंतवैद्यसुद्धा नाही. वीस वर्षांत माझ्यावर हसायची एक संधी त्याने सोडलेली नाही. त्याने यंत्र बंद करून खिशात ठेवलं. म्हणाला, जाऊ द्या भावोजी, भुवई तुम्ही म्हणता तशीच असेल.

म्हणजे मी जिंकलो.

तयार केलेलं वाक्य आता आठवत नाही.

२५ जानेवारी, संध्याकाळी ६
घरी आलो तेव्हा ही मोरीशी पाठमोरी उभी होती. नळ चालू. मी दारातच थांबलो. बाजूने तिची हनुवटी हलताना दिसली. थांबली, पुन्हा हलली. ती बोलत होती. घराच्या फाटकाच्या कडीचा आवाज तिला ओळखता येतो, त्यामुळे मी आलोय हे तिला माहीत होतं. माझ्याशीच बोलत होती.

विचारलं, असं कधीपासून? तिने नळ बंद केला, हात पुसले, समोर येऊन उभी राहिली. दोन वर्षं, म्हणाली. पहिलं वर्षभर मोठ्याने बोलून पाहिलं. तुम्ही म्हणायचात, सारखी भांडतेस. मग समोर येऊन बोलायला लागले. मी म्हटलं, मग आत्ता पाठमोरी काय बोलत होतीस? म्हणाली, विसरायला होतं हो कधीकधी. कार्डाचं मीच त्याला सांगितलं होतं, जरा बेताने विषय काढ म्हणून. त्याला बेताने काही जमत नाही.

२७ जानेवारी, सकाळी १०
अकराही गाणी परत घातली. दुसऱ्यांच्या शब्दावर. वटवट्या साधा हिरवट. ‘मितभाषी’ खोडलं.

टेबलाच्या पायाखालून कार्ड काढलं. वेळ गुरुवारी चारची मिळाली. फोन हिने केला. टेबल डगमगतंय, म्हणून अक्षर असं.

वटवट्याचं मला काही नाही. तो माझ्यासाठी गात नव्हता. ही मुळातच हळू बोलणारी. एखाद्या दिवशी समोर येऊन उभं राहायचा तिला कंटाळा येईल, ती तिथूनच बोलत राहील, आणि ती काही बोलली हे मला कळणारच नाही. मला याची भीती वाटते.